शालनताईंची डिस्क

"पोहोचली?"

"पोहोचली."

"नीट ठेवली?"

"कपाटात, वरच्या कप्प्यात. कुलूप लावलंय. तुमचं जेवण झालं?"

"नाही अजून. बरं, ठेवतो."

रोज संध्याकाळी साडेसातला माझं आणि शालनताईंचं हे एवढं बोलणं व्हायचं. त्यात कधी एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मी ऑफिसच्या टेबलावरून फोन लावायचा, त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलायचा, अर्ध्या मिनिटात काम संपायचं. अकरा महिने मी हे केलं आणि अकरा महिने मनातल्या मनात चरफडलो.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. अकोला सोडून सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी, डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात 'संगणक विभागप्रमुख' म्हणून लागलो होतो. विभागात मी धरून एक माणूस. प्रमुखही मी आणि प्रमुखाची बोलणी खाणाराही मीच. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. खोलीवर गेलो तर भिंती, म्हणून उशिरापर्यंत ऑफिसातच बसायचो. तरीही तो साडेसातचा फोन मला जाच वाटायचा. माणूस रिकामा असला तरी त्याला कामाचा कंटाळा येतोच.

हा फोन म्हणजे माझ्या आधीच्या तगारे सरांची देणगी. वीस वर्षं त्यांनी एकट्याने हा विभाग सांभाळला, आणि निवृत्त होताना माझ्यासाठी तीन पानी टाइप केलेल्या सूचना ठेवून मुलीकडे बडोद्याला निघून गेले. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांच्या नोंदी, म्हणजे कुणाचा कुठला डोळा, ऑपरेशन कधी, लेन्स कुठल्या नंबरची, हे सगळं एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असे. तो बिघडला तर हाताशी काही असावं म्हणून त्या सगळ्याची रोज एक नक्कल काढायची, आणि आगबिग लागली तर ती वाचावी म्हणून रात्री इमारतीच्या बाहेर ठेवायची. बॅकअप म्हणतात तो हाच. ही नक्कल डब्याएवढ्या एका डिस्कवर निघायची. तगारे सरांची नववी सूचना अशी होती: 'डिस्क पावणेसहा वाजता श्रीमती मिठारी यांच्या हाती द्यावी. साडेसात वाजता त्यांच्या घरी फोन करून ती पोहोचल्याची खात्री करावी. रविवारी व सणावारीही करावी.'

रविवारी डिस्क त्यांच्याच कपाटात असायची. शनिवारी गेलेली ती सोमवारी परत यायची. मग रविवारी ती कुठून कुठे पोहोचायची? पहिल्याच आठवड्यात मी शालनताईंना हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सरांचा नियम हाय. मला काय म्हाईत?" मी नवा होतो, म्हणून गप्प बसलो. रविवारी खोलीवरून मोबाइलने विचारायला लागलो. म्हातारा जरा विक्षिप्तच असणार, एवढंच मनाशी म्हटलं.

शालन मिठारी केसपेपरच्या खिडकीवर बसायच्या. पन्नाशी ओलांडलेली, ताठ बसणारी, कमी बोलणारी बाई. नवरा एसटीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माळी गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. डिस्कसाठी त्यांनी जुन्या साडीची, आत कापूस भरलेली पिशवी शिवली होती. पावणेसहाला त्या माझ्या दारात यायच्या, डिस्क पिशवीत घालायच्या, पिशवी पोटाशी धरायच्या आणि चालत घरी जायच्या. रिक्षात बसत नसत, कारण रिक्षात दणके बसतात. या डिस्कपायी त्या कधी परगावी मुक्कामाला गेल्या नव्हत्या. इचलकरंजीला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तर अक्षता टाकून संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे त्यांना थोडे हसायचे, थोडे मानायचे.

त्या डिसेंबरात आमच्या मगदूम मॅडमनी, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी, मला बोलावलं. कुठल्या तरी परिषदेत त्यांनी एका हॉस्पिटलचा सगळा डेटा उडाल्याची गोष्ट ऐकली होती आणि त्यांचं धाबं दणाणलं होतं.

"ढोकणे, आपल्याकडे असं झालं तर?"

"आपली डिस्क आहे की, मॅडम."

"ती पिशवीतली?" त्या हसल्या. "बाजारात काय काय मिळतं ते बघा. दोन-तीन पद्धती तपासा, महिन्याभरात अहवाल द्या. विश्वस्तांपुढे ठेवू."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुरे होतं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी मला माझ्या शिक्षणातलं काम सांगत होतं. मी वही आणली, रकाने आखले, कंपन्यांना फोन लावले.

बातमी खिडकीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी पावणेसहाला शालनताई आल्या, डिस्क पिशवीत घातली, आणि नेहमीसारख्या निघाल्या नाहीत.

"सायेब, नवीन काय तरी घेणार म्हणं तुमी?"

"घेणार. बघतोय."

"घ्या की. घ्यायलाच पायजे. पर एक सांगू का? नवीन कायबी येऊ दे, डिस्क माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"दोन-दोन कशाला, ताई? उलट तुमचं ओझं कमी होईल."

"मला न्हाई त्याचं ओझं."

एवढं म्हणून त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साधी सही करायला पेनसुद्धा नाही. मी "बघू" म्हणालो. ज्या सुरात आपण रांगेतल्या माणसाला 'बघू' म्हणतो, त्याच सुरात.

पुढचा महिना माझा मजेत गेला. बॅकअप घेऊन दाखवणं सोपं असतं, कुणीही दाखवतं. खरी परीक्षा असते ती गेलेलं परत आणण्याची. म्हणून मी एक युक्ती केली. एका जुन्या कॉम्प्युटरवर हजारभर नोंदी ठेवायच्या, कंपनीच्या माणसाला त्याचा बॅकअप घ्यायला लावायचा, मग त्याच्यासमोर त्या पुसून टाकायच्या आणि म्हणायचं, आता परत आणा. मी घड्याळ लावून बसायचो. पुण्याच्या एका कंपनीचा टाय घातलेला माणूस भलंमोठं यंत्र घेऊन आला होता. पुसलेलं बघून त्याचा चेहरा पडला. "सर, कॉपी तर झालीय ना," असं तो चार वेळा म्हणाला. दिवसभर हेड ऑफिसला फोन केले, तिसऱ्या दिवशी यंत्र उचलून घेऊन गेला. दुसरी पद्धत फुकटची होती. तिने पाऊण तासात सगळं परत आणलं, पण तिच्याजवळ एक जाणता माणूस कायम बसवावा लागला असता. तिसरी इंटरनेटवरून नक्कल थेट दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरवर पाठवायची. तिने बावीस मिनिटांत हजारच्या हजार नोंदी जशाच्या तशा उभ्या केल्या. मी खुर्चीतून उठून एकटाच खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हे सांगायला कुणी नव्हतं याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अहवालात चौथा रकाना होता, 'सध्याची पद्धत'. तक्ता भरगच्च दिसावा म्हणून मी तो आखला होता. मग वाटलं, सगळ्यांची परीक्षा घेतली तर हिचीही घ्यावी. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी शालनताईंनी डिस्क आणून दिल्यावर मी ती जुन्या कॉम्प्युटरला लावली आणि म्हटलं, चल, परत आण.

डिस्कचा हिरवा दिवा लागला. बाकी काही झालं नाही. कान लावला तर आत काही फिरतच नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, वायर बदलली. डिस्क मेलेली होती.

म्हणजे आपल्याकडे बॅकअपच नाही? अकरा महिने रोज चारला पडद्यावर 'नक्कल पूर्ण' असं येत होतं, आणि तेवढं वाचून मी समाधानाने चहाला जात होतो. मग तगारे सरांचा प्रोग्राम उघडला आणि ओळ न् ओळ वाचली. तेव्हा जीव भांड्यात पडला. नक्कल निघत होती. पण ती डिस्कवर जात नव्हती. ती रस्त्यापलीकडच्या आमच्याच नर्सिंग कॉलेजातल्या एका कॉम्प्युटरवर जात होती. प्रोग्राममध्ये हा बदल चार वर्षांपूर्वी झालेला होता. त्या दिवसापासून डिस्क नुसती दिवा लावून बसत होती, आणि शालनताई ती पोटाशी धरून घरी नेत होत्या आणि सकाळी परत आणत होत्या.

मला तेव्हाच तगारे सरांना फोन करता आला असता. खिडकीशी जाऊन शालनताईंना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. इतका झकास पुरावा हाती लागला असताना तो आदल्या दिवशी कोण फोडतो? त्या संध्याकाळी मी डिस्क त्यांच्या हाती दिली आणि साडेसातला फोनही केला. पोहोचली का विचारलं. त्या म्हणाल्या, पोहोचली.

बैठक अकरा वाजता मॅडमच्या खोलीत होती. मॅडम, दोन विश्वस्त, मी, आणि शालनताई. त्यांना मॅडमनीच बोलावलं होतं. "अकरा वर्षं त्या हे सांभाळतायत, त्यांचं ऐकायला हवं," असं त्या म्हणाल्या. शालनताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. डिस्कची पिशवी मांडीवर होती.

मी माझा तक्ता मांडला. तासांचा हिशोब, मिनिटांचा हिशोब. विश्वस्तांना त्यातलं फार कळलं नसावं, पण बावीस मिनिटं हा आकडा आवडला. मग मॅडम म्हणाल्या, "शालनताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

त्या उभ्या राहिल्या. पाठ करून आल्या असाव्यात.

"सायबांनी कष्ट घेतल्यात. नवीन घ्यावं. पर इंटरनेट बंद पडतंय. मागल्या गणपतीत चार दिवस बंद हुतं. माझ्या कपाटाला इंटरनेट लागत न्हाई, लाइट लागत न्हाई. अकरा वर्षात एक दिवस चुकलेला न्हाई. म्हणून म्हणते, नवीन असू दे आणि ही पण असू दे. माझा काय खर्च न्हाई."

"मुद्द्याचं बोलल्या बघा," एक विश्वस्त म्हणाले. मॅडमही मान डोलावत होत्या. माझ्या महिन्याभराच्या कामापुढे एका कपाटाची वाहवा चालली होती, आणि माझं डोकं फिरलं.

"ताई, जरा ती डिस्क द्या."

त्यांनी पिशवीतून काढून दिली. मी ती मॅडमच्या लॅपटॉपला लावली आणि लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला.

"बघा. काय दिसतंय?"

"काही नाही दिसत," मॅडम म्हणाल्या.

"कारण ती चार वर्षांपासून बंद आहे. नक्कल समोरच्या नर्सिंग कॉलेजात जाते. तगारे सरांनी परस्पर बदल केला आणि कुणाला कळवलं नाही. तेव्हापासून ताई रोज एक बंद पडलेला डबा घरी नेतायत आणि आणतायत."

एक विश्वस्त हसले. वाईट हेतूने नाही, हसू आलं म्हणून हसले.

"पर दिवा लागतो की," शालनताई म्हणाल्या.

"दिवा लागतो. बाकी काही नाही."

त्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तगारे सरांना म्हाईत हुतं?"

"असणारच. त्यांनीच केलंय."

त्यांनी मान हलवली. रिकाम्या पिशवीची चौघडी केली आणि मॅडमना म्हणाल्या, "खिडकीवर गर्दी हाय, जाऊ का?" मॅडम हो म्हणाल्या. माझी पद्धत पाच मिनिटांत मंजूर झाली, आणि दोन्ही विश्वस्तांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

दुपारी मी बडोद्याला फोन लावला. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याची चूक त्याच्या पदरात घालायची मला हौस होती. तगारे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शालनला सांगितलंत?"

"बैठकीतच होत्या त्या."

"चारचौघांत?"

"हो."

"ढोकणे, मला एक फोन करायचा होतात आधी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला कसंतरी झालं. "तिचा नवरा गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी ती दोन दिवस कामावर आली नाही. खिडकी बंद. सगळ्यांना वाटलं, रजेवर असेल. मलाही वाटलं. तिसऱ्या दिवशी गेलो तर आतून कडी. दार तोडलं. मोरीत पडली होती, पाय मोडून. दोन दिवस. हाका मारून घसा बसला होता तिचा. टोकाचं घर, कोण ऐकणार?"

"मग?"

"मग पाय बरा होऊन ती कामावर आली, तेव्हा तिला म्हटलं, रोज संध्याकाळी फोन करत जाईन. तर म्हणाली, मी काय भीक मागितली काय. उचललाच नाही फोन. चार दिवस नुसती रिंग. तेव्हा ती डिस्क मी स्वतः घरी नेत होतो. पाचव्या दिवशी तिच्याकडे दिली. म्हटलं, हे हॉस्पिटलचं काम आहे, जबाबदारीचं आहे, आणि पोहोचल्याचा रिपोर्ट लागेल. त्या दिवशी पहिल्या रिंगला उचलला. पुढे डिस्क मेली. नवी मागवली तर तेव्हाचे अकाउंटंट म्हणाले, नर्सिंग कॉलेजात सोय करा, डिस्क कशाला? सोय केली. पण तिला कसं सांगू? मला फोन करायला दुसरं कारण सापडेना. म्हणून ठेवली तशीच. तुम्हाला सांगायला हवं होतं मी, हे खरं. पण लिहिणार काय, सूचना नंबर नऊमध्ये?"

फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खोलीचं दार लावून घेतलं. रविवारच्या फोनचा अर्थ आता मला कळला होता. ती बाई रोज मला जेवलात का विचारायची, आणि अकरा महिन्यांत मी उलट एकदाही विचारलं नव्हतं.

पावणेसहा वाजले. दारात कुणी आलं नाही. खिडकीशी गेलो तर त्या निघून गेल्या होत्या.

साडेसातला मी फोन लावला. पहिल्यांदा नुसती रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. खूप वेळाने उचलला.

"कोण?"

"मी ढोकणे."

"बोला सायेब."

"ताई, आज जे झालं ते... मी तसं सांगायला नको होतं. माझी चूक झाली."

"खरं तेच सांगितलासा की. चूक कसली?"

"नाही, तरी. तुम्ही जेवलात का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज काय पोचायचं हुतं सायेब?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज केला. रोज करतो ना आपण."

"रोज डिस्कसाठी करत हुतासा." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, खिडकीवर पेशंटला नंबर सांगतात तसा. "मला वाटायचं, माझ्या घरात असं काय तरी हाय, जे हॉस्पिटलला लागतंय. म्हणून विचारत्यात. म्हणून मी बोलत हुते. बाईमाणूस एकटी हाय, पडली का मेली ते बघू, म्हणून कोण विचारत असंल, तर ते मला नको हुतं. आधीबी सांगितलं हुतं सरांना. सरांनी चार वर्षं फसवलं मला. तुमी न्हाई फसवलं. तुमचा राग न्हाई."

"ताई, फसवायला नाही, ते..."

"मला कळलंय ते कशाला. उद्यापासनं फोन नका करू."

आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर खिडकीवर होत्या. मला बघून "नमस्कार सायेब" म्हणाल्या. पुढे मी त्या गावात चौदा महिने काढले, तेवढे दिवस त्या रोज मला नमस्कार करत राहिल्या, आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली. एकदा न राहवून माळी गल्लीत जाऊन आलो. खिडकीत उजेड होता, आत भांड्यांचा आवाज येत होता. त्या बऱ्या होत्या. दार वाजवायला माझ्याकडे काही काम नव्हतं, म्हणून परत फिरलो.

नवी पद्धत मात्र उत्तम चालली. रात्रीची नक्कल आपोआप जायची आणि सकाळी मला इमेल यायचा, की सगळं सुरक्षित आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही. संध्याकाळी साडेसात वाजता मी सवयीने फोनसमोर बसलेला असायचो. त्या सगळ्या गावात मी रोज ज्याच्याशी दोन वाक्यं बोलावीत असं एकच माणूस होतं, आणि त्याच्याशी बोलायचं कारण मी स्वतः तक्ता आखून, घड्याळ लावून, काढून टाकलं होतं. आठ वाजले की मी दिवे बंद करून जेवायला जायचो.